मागल्या सालात जाणारी यष्टी

आमच्या चिंचेच्या गोडाऊनात कोणी कोणाला नावानं हाक मारत न्हाई, गावानं मारतेत. मी जळकोटची. माझ्या बाजूला बसती ती चाकूरची. माझी सून माझ्यासंगंच कामाला येती, तिला समद्या नुसतं सूनबाई म्हणतेत, कारण तिचं गाव अन् माझं गाव एकच.

लातुरात उन्हाळा लागला की पोत्या-पोत्यानं चिंच येती. आमी बायका भिंतीकडंनं बोरी टाकून बसतो अन् फोडतो. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, दगडावर ठेवून हातोडीनं ठोकायचं, चिंचोका बाहीर. दिवस मावळतीला बोटं काळी. राख लावा, लिंबू लावा, काळं जात न्हाई. बोटाला चीर असली तर आंबट आत शिरतंय, मंग हात पदरात गुंडाळून बसायचं. मी किती साल हे करून राहिले ते मोजलं न्हाई. पोरगं कडेवर व्हतं तवा आले, आता त्या पोराला टक्कल पडून राहिलं. तो तिकडं हैदराबादला गवंडीकाम करतो. दिवाळीला येतो. घरात मी अन् सून, दोघीच.

ह्या कामात गोष्ट लागती. दिवसभर नुसतं ठक ठक ठक, गोष्ट नसली तर डोकं फुटतंय. म्हणून आमच्यात एक रीत हाय. एक बाई सांगती, बाकीच्या ऐकतेत. सांगणारीचा हात मागं पडतो, तोंड चाललं की हात थांबतोच. मंग गोष्ट सरली की ऐकणारी दर बाई आपल्या टोपल्यातली एक मूठ फोडलेली चिंच सांगणारीच्या टोपल्यात टाकती. तिला आमी गोष्टीची मूठ म्हणतो. ही रीत कोणी लावली ठावं न्हाई. मी आले तवाबी व्हती. ऐकलं अन् मूठ टाकली न्हाई तर ती बाई चोर.

अन् ही मूठ लई वर्सं माझ्याच टोपल्यात पडत आली. मी शाळेत गेले ते कोकरू हरवलं व्हतं ते हुडकायला, तेवढंच. पण माझ्या आईच्या उपासातिपासाच्या कहाण्या मला समद्या पाठ. राजा, राणी, सात सुना, नदी, वसा घेतला, वसा टाकला. दाराजवळची जागा माझी. तिथं वारा येतो. बायका माझ्या भवती बोऱ्या टाकायच्या. गोष्ट लागली का न्हाई ते कसं कळतं, सांगू का? हातोड्या थांबतेत. मुकादम तिकडून वरडतो, "ए बायांनो, निजल्या का?" तो वरडला की मला बरं वाटायचं.

मागल्या उन्हाळ्यात इस्लापूरची आली.

वय माझ्या सुनेएवढंच, एखादं साल जास्त. कपाळ मोकळं. दादला गेलेला, लेकरू न्हाई, भावाच्या आधारानं लातुरात आलेली. बारावी झालेली म्हणं. तिच्या बोलण्यात मधीच तेलगू यायचं, चाकूरचीला ती 'अक्का' म्हणायची. पहिल्या-पहिल्यानं ती माझीच कहाणी ऐकायची अन् मूठ बी इमानानं टाकायची. हे मी सांगते. खोटं कामून सांगू?

एका दुपारी माझा गळा बसला. चाकूरची हिला म्हणली, "इस्लापूरचे, तुझ्याकडं काय हाय का? का नुसती चिंचच चघळती?"

"माझ्याकडं कहाणी न्हाई अक्का. मोबाईलवर बघितलेली हाय एक."

"मंग तीच सांग की. आमाला काय, ठक ठकच्या वर आवाज पाहिजे."

अन् तिनं सुरू केलं. एक बाई हाय. तिचा दादला धा सालामागं मेला. शेतात बैल सोडायला गेला, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभा राहिला अन् ईज पडली. त्या सकाळी तिनंच त्याला धाडलं व्हतं. म्हणली व्हती, बसून काय राहिलास, बैलं उन्हात हायत. ते तिच्या मनातून जात न्हाई. एक दिवस सांजच्याला ती फाट्यावर उभी हाय अन् एक यष्टी येती. पाटी न्हाई. आत माणूस न्हाई, नुसता कंडक्टर. तो म्हणतो, "कुठं जायचं?" बाईच्या तोंडून निघून जातंय, "धा साल मागं. त्या दिवसाच्या सकाळी." कंडक्टर हसत न्हाई, काय न्हाई. अर्धं तिकीट फाडून हातात देतो.

हातोड्या थांबल्या.

मी बघितलं. माझ्या सुनेची हातोडी वरच्या वर थांबली. माझ्या कहाणीला तिचा हात कधी थांबला न्हाई. म्हणायची, "आत्या, ही मी लग्न झाल्यापासून ऐकून राहिले." अन् आता तोंड उघडं ठेवून त्या पोरीकडं बघत व्हती. मुकादम वरडला. गोष्ट त्या दिवसापुरती थांबली अन् मुठी पडल्या. इस्लापूरचीचं टोपलं भरलं.

मी मूठ टाकली न्हाई. मी भिंतीकडं तोंड केलं व्हतं. मी ऐकलंच न्हाई, तर मूठ कशाची?

दुसऱ्या दिवशी सुनेनं बोरी उचलली अन् तिकडं नेऊन टाकली, इस्लापूरचीच्या शेजारी. मी नुसतं बघितलं तर म्हणली, "आत्या, हिकडं वारा चांगला येतो."

वारा दाराकडं असतो. हे तिलाबी ठावं अन् मलाबी.

मी आयुष्यात लई बघितलं. भूक बघितली, लेकराला ताप असताना चिंच फोडली. पण पोटात असं आंबट कधी झालं नव्हतं. माझं काय गेलं व्हतं? एक बोरी हलली व्हती, बस. पण नदर सारखी तिकडंच. ती काय म्हणती, ही कशाला हसली, ही तिच्या कानात काय बोलली. घरी सून भाकर थापता थापता म्हणायची, "आत्या, उद्या यष्टी येळंवर पोचंल का हो?"

"भाकर करपून राहिली," मी म्हणायची.

पण खरं सांगू का, भाकर खाताना माझ्याबी डोक्यात ती यष्टीच. मला त्या यष्टीचं चाक निखळून पडलेलं पाहिजे व्हतं. कुठं निखळंल ते मी हुडकून राहिले. अन् मला ते घावलं.

मी भिंतीकडंच बघत म्हणलं, "बायकांला अर्धं तिकीट आत्ता लागून राहिलं. धा सालामागं पुरं व्हतं. मंग अर्ध्या तिकिटावर ती उतरली कशी? तिथल्या चेकरनं धरली न्हाई का?"

चाकूरचीनं हातोडी खाली ठेवली. "अगं जळकोटचे, तू तर ऐकत नव्हतीस ना?"

"कानात पडलं."

"कानात पडलं तर मूठ टाक!"

"अर्ध्या तिकिटाची मूठ न्हाई टाकत मी."

समद्या हसल्या. इस्लापूरची बी हसली. म्हणली, "मावशी, तिकीट बसताना फाडलं. बसताना आत्ताचं साल व्हतं."

"बरोबर हाय," चाकूरची म्हणली. "भाडं बसायच्या जाग्याचं अस्तंय. सांग पुढं."

पुढं ती बाई उतरती. पहाट हाय, तिचंच गाव, तिचंच घर, धा सालामागलं. दादला अंगणात तोंड धुऊन राहिला. पाण्याचा गडगड आवाज ती ऐकती. इस्लापूरचीनं तो आवाज असा सांगितला की शेजारची बाई पदरानं डोळे पुसाया लागली. माझ्या टोपल्यातली चिंच तशीच पडलेली.

मी म्हणलं, "मंग पहिली कुठं गेली?"

"कोण पहिली, मावशी?"

"तीच. धा सालामागची ती. तीबी असंल की घरात. चूल फुकत असंल."

मंग चाकूरचीला हसू फुटलं. "अगं माय! एका दादल्याला दोन बायका, अन् दोन्हीबी तीच! सोताचीच सवत!"

कोपऱ्यातनं एक म्हणली, "भांडण झालं तर झिंज्या कोणाच्या उपटायच्या?"

"अन् दादल्यानं रुसून कोणाकडं जायाचं?"

"तरणीकडं! ते काय इचारायचं का?"

इस्लापूरची जरा गडबडली, पण पोरगी हुशार. म्हणली, "पहिली पाण्याला गेली व्हती."

"किती येळ? जलमभर हापश्यावरच राहिली का?"

तवा ती माझ्याकडं वळली. डोळ्यात हसू व्हतं, पण जरा तिखट. "मावशी, तुमच्या कहाणीत ती सातवी सून नदीच्या तळाला म्हैनाभर ऱ्हाती. ती श्वास कसा घेती?"

"तिच्यावर देवाचा हात व्हता."

"मंग माझ्या बाईवर कंडक्टरचा हात हाय."

पुरं गोडाऊन हसलं. मुकादम बी हसला. ते मी सोसलं असतं. पण माझी सून हसली, अन् ती पोट धरून हसली. ते मला लागलं.

तिला काय ठावं, कहाणीला बी हिशोब अस्तो. राजा मेला तर वसा टाकला म्हणून मेला. उठला तर कोणीतरी वसा घेतला म्हणून उठला. सांगताना आधीच सांगून ठेवतेत, असं केलं तर असं व्हईल. मंग ऐकणारी बाई वाट बघती, आता ही चुकंल, आता ही चुकंल. उगंच कोणी मरत न्हाई अन् उगंच कोणी उठत न्हाई. हिची यष्टी आपली फाट्यावर आली अन् घेऊन गेली. का आली, कोणासाठी आली, रोज येती का? काय बी न्हाई. अन् तरी हातोड्या तिच्यासाठी थांबून राहिल्या.

मी पुढल्या दिवसाची वाट बघितली. दादल्याला ती कशी वाचवती ते मला बघायचं व्हतं, कारण चाक तिथंच निखळणार व्हतं.

तिनं लई झकास सांगितलं. बाई दादल्याच्या समोर जात न्हाई. ती मागल्या वाटंनं शेतात जाती अन् बैलं सोडून नेती, वढ्याच्या पलीकडं शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधती. दादला शेतात येतो, बैलं न्हाईत. शिव्या देत वढ्याकडं जातो. पाऊस येतो. ईज पडती, कडाड करून त्या झाडावरच पडती, झाड उभं चिरतं. अन् झाडाखाली कोणीच न्हाई.

बायकांनी असा श्वास सोडला की टरफलं उडाली. समद्यांचे हात टोपल्यात गेले. मुठी वर आल्या.

मी म्हणलं, "मंग तो मेला न्हाई?"

"न्हाई मावशी. जिता हाय."

"जिता हाय तर त्या बाईचं कपाळ मोकळं कामून? ती फाट्यावर कामून आली? घरी दादला जिता, ती आपली सुखानं भाकर थापून राहिली असंल. यष्टीत बसलीच न्हाई. बसली न्हाई तर मागं कोण गेलं? मागं कोणी गेलं न्हाई तर बैलं कोणी सोडली? बैलं कोणी सोडली न्हाईत, तर तो झाडाखालीच गेला. गेला तर मेला."

मुठी तशाच वर राहिल्या.

चाकूरची बोटं मोजाया लागली. "थांब, थांब. मेला तर ही यष्टीत बसली. बसली तर तो वाचला. वाचला तर ही बसली न्हाई. बसली न्हाई तर तो... बयाबया! जिता हाय का मेला, एक काय ते सांगा गं! माझ्या डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

इस्लापूरचीचं तोंड उतरलं. तिनं हातोडी उचलली, खाली ठेवली. "उद्या सांगते," म्हणली.

एक बी मूठ पडली न्हाई. बायकांनी चिंच आपापल्या टोपल्यात परत टाकली. मला जे पाहिजे व्हतं ते झालं.

दुसऱ्या दिवशी इस्लापूरची काय सांगंना. मंग मी माझी कहाणी काढली, सात सुनांची, समद्यात चांगली. बायकांनी ऐकली. रीत म्हणून मुठी बी टाकल्या. पण ठक ठक थांबली न्हाई. मुकादमानं एकदा बी आवाज दिला न्हाई. माझी सून त्या बाजूलाच बसून राहिली, खाली मान घालून.

घरी तिनं ताट वाढलं अन् भिंतीला टेकून बसली. म्हणली, "आत्या, तो वाचला व्हता."

"कोण?"

"तुमाला ठावं हाय कोण. ईज पडली तवा तो झाडाखाली नव्हता. तुमी त्याला परत नेऊन उभा केलात."

मी म्हणलं, "गोष्ट हाय ती."

"हाव. गोष्टच व्हती. तेवढी तरी जिती राहू द्यायची."

माझी सून मला कधी उलटून बोललेली न्हाई. तवाबी आवाज चढवला न्हाई तिनं. ताट उचललं अन् मोरीत गेली.

पुढल्या दिवशी मी रांजणापाशी पाणी पीत व्हते, तवा इस्लापूरची आली. गलास हातात घेतला, पण भरला न्हाई.

"मावशी, माझी गोष्ट मोडलीत तुमी."

"मी कुठं मोडली? ती मोडकीच व्हती. मोबाईलवाल्याला इचार की जाऊन."

ती म्हणली, "मोबाईलवरची न्हाई ती. माझीच हाय."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. "मंग मोबाईलची कामून म्हणलीस?"

"माझी म्हणलं असतं तर कोणी ऐकली असती का?"

ते खरं व्हतं. मीबी ऐकली नसती. पण मला त्याच्याहून दुसरंच लागलं. समद्या कहाण्या मी आईकडून घेतल्या. आईनं तिच्या आईकडून घेतल्या. मी नुसत्या वाहून आणल्या, डोक्यावरची घागर आणावी तशी. ह्या पोरीनं हीर सोताच खणली व्हती.

मी इचारलं, "तुझा दादला इजेनं गेला का?"

"न्हाई. टॅक्टर पलटी झाला." मंग म्हणली, "पण बसून काय राहिलास म्हणून धाडला मीच. तेवढं खरं हाय."

मी रांजणावरचं झाकण नीट लावलं. अशा जाग्याला बोलायचं नस्तं.

"मावशी, तुमी गाठ मारलीत, तुमीच सोडवा. मी लई इचार केला, मला येईना. कायबी करा. हिला कुठंबी धाडा, यष्टी जाळा, कंडक्टरला मारा. पण तो जिता ऱ्हायला पाहिजे."

मी म्हणलं, "मी काय गोष्ट रचत न्हाई."

"पण तुमाला भोकं दिसतेत. ज्याला भोक दिसतं त्याला ठिगळ बी दिसत असंल."

आता मला एक सांगावं लागंल, त्याच्याबिगर पुढलं कळायचं न्हाई. पोराच्या येळंला मी माहेरी जळकोटला गेल्ते. पोरगं झालं. घ्यायला कोणी येईना, म्हणून काही म्हैन्यांनी मीच लेकरू घेऊन सासरी निघाले. यष्टीतून उतरले, वाटंनं चालत घराजवळ आले. अंगणात चूल पेटलेली. चुलीपुढं एक बाई बसल्ती, माझी परात घेऊन भाकर थापत. हातात हिरवा चुडा. माझा दादला बाजंवर बसून तिच्याशी बोलून राहिला व्हता. हसत व्हता. मी बाभळीच्या मागं उभी. आमचं कुत्रं पळत आलं, माझ्या पायाला घसटलं, शेपूट हलवली. तिकडं त्या बाईनं भाकरीचा तुकडा टाकला. कुत्रं माघारी पळालं.

मी आत गेले न्हाई. तिथूनच फिरले. फाट्यावर जी यष्टी आली ती लातूरची व्हती, म्हणून मी लातूरची झाले. एवढंच हाय ते. मी त्याच्यावर रडले न्हाई अन् कोणाला सांगितलं बी न्हाई. पण ती बाई कशी थापत व्हती, परात कशी फिरवत व्हती, ते मला आजबी दिसतं. माझं समदं तिथंच चालू व्हतं. नुसती मी त्यात नव्हते.

रांजणापाशी मी इस्लापूरचीला हे सांगितलं न्हाई. मी पदराची गाठ सोडून एक चिंच काढली. पोरासोरांला द्यायला ठेवते मी एखादी. ती फोडून तिच्या हातावर ठेवली. "हे बघ. चिंच एक. आत चिंचोके दोन, शेजारी शेजारी, मधी पडदा. ह्याला त्याची खबर न्हाई, त्याला ह्याची न्हाई."

"हाव. मंग?"

"तुझी बाई मागं गेली तवा दोन झाल्या. एकीचा दादला मेला, म्हणून ती यष्टीत बसली. दुसरीचा वाचला, म्हणून ती बसली न्हाई. दोघीबी खऱ्या. तो जिता हाय. पण जी पाण्याला गेल्ती, तिचा हाय. ती घागर घेऊन घरी येती, तो तिचा. ही न्हाई ऱ्हाऊ शकत तिथं. हिला यष्टीत बसून माघारीच यावं लागंल. अन् माघारी आली तर हिचा मेलेलाच."

तिनं हातावरचे चिंचोके बघितले. "मंग हिला काय मिळालं, मावशी?"

"बघायला मिळालं."

तिनं गलास तसाच खाली ठेवला. मी जाता जाता म्हणलं, "तरणी अंगणात भाकर थापत असंल. अन् कुत्रं असंल घरी, तर ते हिला वळखंल. पण ऱ्हाईल तिकडंच."

माझ्या जलमात मी रचलेली तेवढीच. रांजणापाशी, उभ्या उभ्या, अन् ती बी दुसरीच्या गोष्टीत.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितली. चाकूरची आधीच म्हणली, "हे बघ, आज मेला का जिता ते पक्कं सांग, न्हाईतर मी तुझी बोरी जाळते." इस्लापूरचीनं पक्कं सांगितलं. चिंच बी फोडून दाखवली, माझ्यासारखी. चाकूरचीनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली अन् म्हणली, "हां. आता बसलं. ही एक अन् ही एक. आता मला अंधारी येईना."

मंग ती बाई वाटंवर उभी ऱ्हाती. दादला वढ्याकडून बैलं घेऊन येतो, भिजलेला, शिव्या देत, जिता. तरणी ती अंगणात भाकर थापून राहिली. कुत्रं येतं अन् माघारी जातं. हे समदं मी दिलेलं. पण मी दिलं व्हतं एवढुसं, अन् ती सांगत व्हती तर मला धूर नाकात येऊन राहिला व्हता. मला असं कधी सांगता यायचं न्हाई. ते मला तिथंच बसल्या जागी कळलं.

अन् मंग तिनं एक सोताचं घातलं. तरणीला वाटंवर ती बाई दिसती. वळखत न्हाई. धा सालाचं ऊन लागलेलं तोंड, कोण वळखणार? तिला वाटतं कोणी वाटसरू असंल. ती तव्यावरची गरम भाकर घेऊन बाहीर येती, वर चटणी घातलेली. म्हणती, "लांबून आलात का, बाई? खाऊन जा." ही सोताच्या हातची भाकर सोताच्या हातून घेती, अन् फाट्याकडं चालाया लागती. यष्टी उभीच असती.

हातोड्या थांबल्या. माझी बी थांबली. मला कळलं बी न्हाई कवा थांबली ते.

मला कोणी भाकर दिली नव्हती. मी त्या गोष्टीतल्या बाईवर जळले. जी कुठंच न्हाई, जिला एका पोरीनं चिंच फोडता फोडता घडवली, तिच्यावर जळले मी. तिला भाकर तरी मिळाली.

मी वर बघितलं तर माझी सून इस्लापूरचीकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत व्हती. आमच्या घरात माझ्या सासरची गोष्ट कधी निघाली न्हाई. पण माझं माहेर तेच तिचं माहेर. सुना कुठूनबी ऐकतेत. ती लई येळ बघत राहिली, अन् मंग मीच खाली बघितलं.

मुकादमानं आवाज द्यायचा तर तोबी दारात उभा राहून ऐकून राहिला व्हता. बायका उठल्या, मुठी पडल्या. टोपलं भरून चिंच भुईवर सांडली. चाकूरचीनं दोन मुठी टाकल्या अन् माझ्याकडं वळली.

"काय गं जळकोटचे? आज कानात पडलं, का ऐकलंस?"

माझी हातोडी दगडावर आडवी पडलेली समद्यांनी बघितली व्हती. आता न्हाई म्हणायला जागा नव्हती. मी उठले. गुडघे धरत धरत तिच्यापतोर गेले अन् मूठ टाकली.

इस्लापूरचीनं माझी मूठ बोटानं इसकटून बघितली. "मावशी, ह्यात चिंचोके हायत. काढलेच न्हाईत."

"तुझ्या गोष्टीत बी व्हते," मी म्हणलं. "ते मी काढले. हे तू काढ."

चाकूरचीला काय कळलं न्हाई, तरी ती हसली. इस्लापूरची हसली न्हाई. तिनं माझ्या मुठीतली चिंच येगळी काढून पदरावर ठेवली अन् एक एक फोडाया लागली.

त्या सांजच्याला सुनेनं चूल पेटवली. पहिली भाकर उतरली ती तिनं टोपल्यात टाकली न्हाई. वर चटणी घातली अन् माझ्या हातात आणून दिली, गरम, अन् माझ्या शेजारी बसली. मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनात आलो तवा तिनं बोरी उचलली अन् तिकडंच नेऊन टाकली, इस्लापूरचीच्या शेजारी. आजबी तिथंच बसती. तिकडं वारा येत न्हाई. हे मी तिला रोज सांगते.